तीन फ्रेमचा फरक

३ मार्च, सोमवार

घरी शिकत होते तेव्हा आईचा नियम होता: रोज वही लिहायची आणि दिवसातली सर्वांत मोठी चूक पहिल्या ओळीत लिहायची. बाराव्या वर्षी मी शाळेत गेले आणि वही सुटली. आज पुन्हा काढली आहे. चूक अजून घडलेली नाही, पण ती माझ्याच हातून घडणार याची मला खात्री आहे.

झालं असं. आमचं सॉफ्टवेअर (चार वर्षं झाली तरी 'आमचं' म्हणताना जीभ अडखळते) थेट चित्र आणि आवाज एका ठिकाणाहून अनेकांकडे पोचवतं. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं. ठिकठिकाणचे तीस-चाळीस जण फावल्या वेळात ते सांभाळतात. प्रमुख स्वतःला 'कासव' म्हणवतात. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. आज सकाळी त्यांचं पत्र आलं: "घर हलवतोय, महिनाभर फारसा हाताशी नसेन. पुढचं रिलीज तू काढ. शेवटचा शब्द तुझा."

सात वेळा वाचलं. नाही म्हणायचं पत्र लिहिलं, खोडलं, "बरं" एवढंच पाठवलं.

आणि लगेच पहिली तक्रार. एक शिक्षिका लांबलांबच्या अकरा मुलांना आमच्या सॉफ्टवेअरवरून शिकवतात. सगळ्या मुलांना कमी ऐकू येतं. कानातल्या यंत्रातून थोडं ऐकतात, उरलेलं बाईंच्या ओठांवरून उचलतात. जोडणी तुटून पुन्हा लागली की आवाज ओठांच्या मागे पडतो. बाई लिहितात: "माझ्या तोंडावर एक शब्द आणि त्यांच्या कानात दुसरा. २१ तारखेला तपासनीस वर्ग बघायला येणार आहेत. मुलांना समजत नाही असं दिसलं तर वर्ग बंद होईल. दुसरा वर्ग कुठे नाही."

अठरा दिवस आहेत.

४ मार्च, मंगळवार

बग घरीच पकडता आला. चित्र चालू ठेवायचं, वायर काढायची, लावायची, बघायचं. वीस वेळा केलं. आई दारातून म्हणाली, "अगं, ती वायर काय दूध देणार आहे?"

दर खेपेला आवाज थोडा थोडा मागे सरकतो. कधीच पुढे येत नाही.

७ मार्च, शुक्रवार

सापडला. पुन्हा जोडणी होते तेव्हा आवाजाची वेळ पूर्ण आकड्यात बसवली जाते आणि राहिलेला तुकडा टाकून दिला जातो. शिवताना दर टाक्याला दोरा दोरा कापड दुमडत जावं आणि शेवटी बाही आखूड व्हावी, तसं.

ती ओळ कोणी लिहिली ते पाहिलं. मीच. दोन वर्षांपूर्वी.

पाणी प्यायले आणि सगळ्यांना कळवलं: चूक माझी आहे, अमुक दिवसाची आहे, अशी झाली. वाटलं, आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. कासवांचं उत्तर आलं: "छान. पुढे?"

८ मार्च, शनिवार

दुरुस्ती केली. माझ्या मोजणीत फरक शून्य येतोय. तरी मोजणीवर सोडवेना, म्हणून बाबांकडे गेले.

बाबांनी बत्तीस वर्षं डबिंग स्टुडिओत काढली. पडद्यावरचा माणूस परक्या भाषेत तोंड हलवतो, त्या तोंडात आपले शब्द बसवायचे आणि बघणाऱ्याला शंका येऊ द्यायची नाही, हे त्यांचं काम. सेकंदाला पंचवीस फ्रेम, म्हणजे पंचवीस सुटी चित्रं. पंचविसाचा पाढा मला दोनाच्या आधी येत होता. आमच्या घरात एक गोष्ट वर्षातून चारदा तरी सांगितली जाते. स्टुडिओत नवं मशीन आलं. मशीन म्हणालं बरोबर, बाबा म्हणाले आवाज एक फ्रेम मागे. साहेब चिडले, कारागीर बोलावला, मशीन उघडलं. मशीनच चुकत होतं. आई शेवटी नेहमी म्हणते, "मशीन बिघडतं. हे बिघडत नाहीत."

मी म्हटलं, "बाबा, तुमचा कान लागणार आहे."

त्यांनी हातातला पेपर मिटला. मग म्हणाले, "कधी?"

"आत्ताच."

"माझ्या खोलीत. माझ्या टीव्हीवर. आणि तू बाहेर थांबायचं."

"मी बसते ना शेजारी."

"तू बसलीस की मी तुझं तोंड बघून निकाल देईन. चल, नीघ."

दार लावून घेतलं. बाहेर मला जराही आवाज आला नाही. किती बारीक लावतात हल्ली! पूर्वी यांच्या खोलीतल्या स्पीकरने मांडणीवरची भांडी थरथरायची. आई म्हणाली, "घरात शांतता आहे, तर तुला तीही खुपते?"

पंधरा मिनिटांनी बाहेर आले. "तीन फ्रेम. आवाज मागे आहे."

"माझ्या मोजणीत शून्य येतंय, बाबा."

"मग मोजणी तपास."

१० मार्च, सोमवार

दोन दिवस शोधतेय. तीन फ्रेम म्हणजे एकशेवीस मिलिसेकंद. एवढा मोठा उंदीर कुठल्या बिळात लपला आहे, कळत नाही. मोजणी पुन्हा लिहिली, पुन्हा शून्य. बाबांना दोनदा बसवलं. दोन्ही वेळा तीन फ्रेम. तीन वेळा तेच उत्तर देणारा माणूस अंदाजाने बोलत नसतो.

बाबा हल्ली मी बोलत असताना माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. निवृत्तीनंतर माया वाढली असावी. केसही वाढवलेत, कानांवर आलेत. आई म्हणते, "उतारवयात हीरो व्हायचंय." मी हसले. बाबा हसले नाहीत, पेपर वाचत होते.

दुपारी आईबरोबर बाजारात गेले. तिने बटणाएवढ्या बॅटऱ्या घेतल्या. कशाला म्हटलं तर म्हणाली, भिंतीवरच्या घड्याळाला. त्याला दोन जाडे सेल लागतात. पण आईला अशा गोष्टी सांगून उपयोग नसतो.

११ मार्च, मंगळवार

कारण सापडलं नाही, म्हणून आज उपाय केला. चित्र सगळ्यांसाठी एकशेवीस मिलिसेकंद थांबवलं, म्हणजे मागे पडलेला आवाज त्याला गाठेल.

कासवांनी विचारलं, "१२० कुठून आले?"

मी लिहिलं, 'मोजून'. खोडलं. 'तपासून' लिहिलं. खोडलं. शेवटी लिहिलं, "अनुभवी कानाने तीनदा तपासून."

"मोजणी काय म्हणते?"

"शून्य."

दोन तास काही नाही. मग: "मी केलं नसतं. पण शेवटचा शब्द तुझा."

असं कोणी म्हणालं की धीर यायला हवा. मला आला नाही. तरी पाठवलं. कासवांनी बाबांना मशीनला हरवताना पाहिलेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

चाचणीचं रिलीज बाहेर पडलं, बाईंनी उतरवून घेतलं. बाबांनी बघितलं. "चपखल!" म्हणाले. संध्याकाळी आपणहून फिरायला गेले, येताना शिट्टी वाजवत आले. आई पोळपाट हातात धरून उभीच राहिली. "किती दिवसांनी," म्हणाली आणि पोळ्यांकडे वळली.

आजची चूक: जेवले नव्हते आणि जेवले म्हणून सांगितलं.

१७ मार्च, सोमवार

बाईंचं पत्र. जसंच्या तसं उतरवते.

"जोडणी तुटल्यावरचा त्रास गेला, आभारी आहे. पण आता नवंच झालं आहे. आवाज माझ्या तोंडाच्या आधी येतो. नऊ मुलं गोंधळली आहेत. एकाने यंत्रच काढून ठेवलं, म्हणतो त्यापेक्षा नुसतं बघतो. नवल म्हणजे दोघी मुली खूश आहेत, पहिल्यांदाच नीट जमतंय म्हणतात. मला काही समजेनासं झालं आहे. चार दिवस राहिले आहेत."

मीच नऊ मुलांचे कान काढून ठेवायला लावले का? आणि त्या दोघी? बाईंना बरं वाटावं म्हणून म्हणत असतील. मीही लहानपणी म्हणत असे.

बाबांना वाचून दाखवलं. दुसऱ्या वाक्याला म्हणाले, "पुन्हा वाच. पुटपुटू नकोस." पुन्हा वाचलं. ते म्हणाले, "आवाज आधी येणं फार वाईट. मागून आला तर माणूस चालवून घेतो. वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो, त्याची सवय असते. आधी आला की डोकंच चालत नाही." मग म्हणाले, "पण माझ्याकडे तर बरोबर आहे."

"हो, बाबा."

"मग?"



१८ मार्च, मंगळवार

एक छोटी फिल्म केली: काळा पडदा, मग एक फ्रेम पांढरी, त्याच क्षणी 'टक्'. ती आमच्या सॉफ्टवेअरवरून लावायची, मोबाइल समोर धरून रेकॉर्ड करायचं आणि पांढऱ्या फ्रेमपासून टक्पर्यंत किती फ्रेम जातात ते मोजायचं. माझ्या संगणकावर, आईच्या मोबाइलवर, शेजारणीच्या दोन्ही संगणकांवर मोजलं. शेजारीण म्हणाली, "घरात शांतपणे सिनेमा बघतात गं लोक, तू काळा पडदा बघत बसतेस." सगळीकडे आवाज तीन फ्रेम आधी. म्हणजे माझी दुरुस्ती नसती तर बरोबर शून्य.

राहिला बाबांचा टीव्ही. तोच बिघडलेला असणार. उद्या ते फिरायला गेले की मोजते. त्यांच्यासमोर मोजायची हिंमत नाही. बाबांवर लपूनछपून मोजणी लावायची. आजची चूक हीच, आणि उद्याचीही.

१९ मार्च, बुधवार

ते गेल्यावर खोलीत गेले. फिल्म लावली. पांढरी फ्रेम आली. टक् नाही. आवाज वाढवला, पूर्ण वाढवला. काहीच नाही. टीव्ही मुका झाला होता. लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. टीव्ही बिघडला, बाबा नाहीत.

मग डोक्यात आलं: यातून आवाजच येत नसेल, तर बाबांनी चार वेळा ऐकलं काय?

"त्यातून येत नाही तो," मागून आवाज आला. बाबा दारात होते, चपला हातात. काहीतरी विसरून परत आले असावेत.

"कधीपासून?"

"सहा महिने." त्यांनी केस मागे सारले. कानामागे चिंचोक्याएवढं करडं यंत्र होतं. "टीव्हीमागे निळ्या दिव्याची डबी आहे बघ. ती इथे पाठवते. बिनतारी."

"आईला माहीत आहे?"

"तिनेच तर दंडाला धरून नेलं डॉक्टरकडे."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणारच होतो." ते खाटेवर टेकले. "तेवढ्यात तू आलीस आणि म्हणालीस, बाबा, तुमचा कान लागणार आहे."

मग त्यांनीच यंत्र काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. कोमट होतं. "मोज," म्हणाले.

"असू द्या, बाबा."

"मोज म्हणतो ना!"

यंत्र मोबाइलच्या माइकला चिकटवलं, फिल्म लावली. दुरुस्तीशिवायची. बाबांनी स्वतः बोटाने एकेक फ्रेम पुढे सारली. पांढरी. एक. दोन. तीन. टक्. आवाज गोळा करून हवेतून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा, त्याला त्या डबीला तेवढा वेळ लागत होता.

"तीनच," ते मोठ्याने म्हणाले. कानात काही नव्हतं, म्हणून फार मोठ्याने. "बघ! म्हटलं नव्हतं मी?"

"म्हणाला होतात," मी म्हटलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि मान हलवली.

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज आला आणि बंद झाला. आई ऐकत होती.

२० मार्च, गुरुवार

सकाळी सहा वाजता एकशेवीस काढून टाकले. सोबतची टीप लिहायला दीड तास लागला. बाबांचं नाव येऊ द्यायचं नव्हतं आणि खोटंही लिहायचं नव्हतं. शेवटी: "ही दुरुस्ती चुकीची होती. मोजणी शून्य सांगत असताना मी ती घातली. निर्णय माझा होता."

बाबांना दाखवलं. वाचून म्हणाले, "आणि त्या दोघी मुली?"

"कोणत्या?"

"ज्या खूश होत्या. त्यांच्या कानात काय आहे, विचारलंस?"

बाईंना विचारलं. उत्तर दहा मिनिटांत: हो, त्या दोघींना गेल्या महिन्यात नवी यंत्रं मिळाली, बिनतारी. म्हणजे एकशेवीस ठेवले तर नऊ मुलं जातात, काढले तर दोघी. आणि उद्या तपासनीस.

उपाय सोपा आहे. चित्र किती थांबवायचं ते ज्याचं त्याला ठरवता यावं. मुळात शून्य, ज्याला हवं त्याने वाढवावं. दुपारी बारापर्यंत लिहून झालं. पण आमच्याकडे रीत आहे. नवी सोय घालायची तर ज्याला ती लागते त्याने सर्वांसमोर मागायची, आपलं यंत्र कोणतं ते लिहायचं आणि स्वतः तपासून सांगायचं. नाहीतर जो तो आपल्या मनाचं घालत सुटेल. गेल्या आठवड्यात मीच घातलं होतं.

बाईंना विचारलं. त्यांनी लिहिलं, "मुलींच्या कानांबद्दल मी चव्हाट्यावर लिहिणार नाही. राग मानू नका." राग कसला. मीही लिहिलं नसतं.

कासवांना विचारलं, ही एक वेळ रीत सोडू का? "शेवटचा शब्द तुझा," त्यांनी लिहिलं, "पण त्या १२० नंतर मी सोडली नसती."

खोट्या नावाने तक्रार टाकायला दोन मिनिटं लागली असती. पानही उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. बाहेर आई बाबांना काहीतरी विचारत होती, ते तिला "काय? काय?" करत होते. यंत्र घातलं नव्हतं, की आता लपवायचं कारण उरलं नव्हतं म्हणून मोकळेपणी विचारत होते, कोण जाणे. मी पान बंद केलं आणि बाईंना पत्र लिहायला घेतलं: नऊ मुलांना बरोबर मिळेल, दोघींची क्षमा मागते.

साडेतीनला नवी तक्रार आली. एका बोटाने टाइप केलेली कळत होती, विरामचिन्हं जागच्या जागी.

"मला कमी ऐकू येते. कानामागचे बिनतारी यंत्र वापरतो. नमुना क्रमांक खाली दिला आहे. त्यावर आवाज चित्राच्या तीन फ्रेम मागे येतो. मी बत्तीस वर्षे डबिंगचे काम केले आहे. चित्र थांबवण्याची सोय द्यावी. तपासायला मी तयार आहे."

खाली पूर्ण नाव.

बाजूच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी उठले नाही. उठले असते तर रडले असते आणि वेळ नव्हता. जसं कोणालाही लिहिलं असतं तसं लिहिलं: "आपली तक्रार नोंदवली आहे. सोबतची आवृत्ती तपासून कळवावे." भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बारा मिनिटांनी उत्तर: "चालते. शून्यावर मागे, एकशेवीसवर ठीक."

कासवांनी खाली एक शब्द लिहिला: "घाल."

पाच वाजता रिलीज गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

वर्ग दहाला. मला वर्ग दिसत नाही, दिसूही नये. फक्त जोडण्या दिसतात. दहा वाजून दोन मिनिटं: अकरा. आई चहा ठेवून गेली, त्यावर साय आली.

दहा सतरा: दहा. कोणाची तरी तुटली. हीच ती जागा, माझी दोन वर्षांपूर्वीची ओळ. दहा अठरा: अकरा. पण जुळलं की नाही ते आकडा सांगत नाही. दहा बावीसला पुन्हा तुटली, पुन्हा लागली. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. "जोडणी कशी आहे?" "अकरा." थोड्या वेळाने पुन्हा, "कशी आहे?" "अकराच आहेत, बाबा, आकडा वाढायला गाय व्यायलेली नाही." पहिल्यांदाच त्यांना असं बोलले. त्यांना ऐकू गेलं. हसले.

अकराला वर्ग संपला. बाराला काही नाही. एकला काही नाही. पत्रपेटी मी किती वेळा उघडली ते लिहीत नाही.

दोन चाळीसला बाईंचं पत्र:

"तपासनीस स्वतः कॅमेऱ्यासमोर बसल्या. एका मुलीला विचारलं, काल काय केलंस? ती म्हणाली, काल केलं ते सांगते, पण तुम्ही फार भरभर बोलता, जरा सावकाश बोला. ही नव्या यंत्रवाली. तपासनीस आधी चपापल्या, मग सावकाश बोलल्या. वर्ग चालू राहणार आहे. मी आता जेवते."

आईला सांगितलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "तूही जेव. खरोखर."

२२ मार्च, शनिवार

रिलीजनंतर तक्रारी बंद करायच्या असतात. रीत अशी की ज्याने केली त्यालाच आधी विचारायचं. बाईंना विचारलं: "मिटली." ती बंद केली. मग बाबांची उघडली. ते दिवाणखान्यात बसले होते, मोठ्या स्पीकरवरचं कापड काढून धूळ पुसत. आई सांगत होती, "हळू, शेजारी आहेत," आणि ते मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करत होते. हाक मारून विचारता आलं असतं. पण लिहिलं: "सोय रिलीजमध्ये आली आहे. आपली तक्रार बंद करावी का?"

त्यांनी फडकं ठेवलं, हात पुसले, खोलीत गेले आणि दार लोटलं. मी वाट पाहत बसले. पाच मिनिटं. वीस मिनिटं. एवढं काय लिहितात?

मग उत्तर आलं:

"काल रात्रीपासून चार वेळा तपासले. अजून अर्धी फ्रेम मागे आहे. बंद करू नये."

मोजलं. अर्धी फ्रेम मागे होती. तक्रार उघडीच ठेवली आहे.